जमीन लेकींची, सही मामाची: सुमात्रातल्या एका कडेच्या गावाची गोष्ट

अधूनमधून एक रील फिरत येते. मागे शिंगांसारखी टोकं वर गेलेलं छप्पर, पुढे डोक्यावर तसंच टोकदार वस्त्र बांधलेल्या बायका आणि वर ठळक अक्षरांत मजकूर: ‘या समाजात बायकांचं राज्य आहे.’ निम्मे लोक हसून पुढे पाठवतात, निम्मे भांडतात आणि कुणीतरी विचारतंच, ‘मुसलमान ना ते? मग हे कसं चालतं?’

त्या रीलमधले लोक म्हणजे मिनांगकाबाऊ. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागातला हा समाज. २०१० च्या जनगणनेत त्यांची संख्या ६५ लाखांच्या आसपास भरली. आईकडून वंश मोजणारा जगातला सगळ्यात मोठा समाज तो हाच, आणि तो जवळपास सगळाच्या सगळा मुसलमान आहे. एवढं खरं. ‘बायकांचं राज्य’ मात्र खरं नाही. खरा प्रकार त्याहून गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते जास्त गमतीचाही. तो हवेत समजत नाही, त्यासाठी एखादं गाव समोर लागतं. म्हणून बुकित्तिंगी या डोंगरी शहराच्या कडेला असलेलं कोतो गदांग घेऊ. इंडोनेशियाच्या इतिहासाशी संबंध नसेल तर हे नाव कानावर आलेलं असण्याचं कारण नाही.

गाव आहे कुठे?

बुकित्तिंगी समुद्रसपाटीपासून साधारण ९३० मीटरवर आहे. हवा थंड, दोन बाजूंना दोन ज्वालामुखी. त्यातला सिंगालांग शांत आहे. मारापी जागा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा अचानक उद्रेक झाला तेव्हा वर गेलेले २४ गिर्यारोहक मेले, ती बातमी आपल्याकडेही आली होती. डचांनी १८२५ च्या सुमारास इथे किल्ला बांधला. शहराच्या मधोमध १९२६ सालचा घड्याळाचा मनोरा आहे. त्याच्या तबकडीवर रोमन चारचा आकडा चार उभ्या दांड्यांनी लिहिलाय आणि पर्यटक त्याचाच फोटो काढतात. शहर लहान, जेमतेम २५ चौरस किलोमीटर. त्यात सव्वा लाखाच्या आसपास माणसं, शिवाय सुट्टीत येणारी गर्दी. जागेची टंचाई आहे, हे वेगळं सांगायला नको.

शहराच्या पश्चिमेला जमीन एकदम तुटते. ही सियानोकची दरी. सुमारे शंभर मीटर खोल, भिंती जवळजवळ उभ्या, तळाशी नदी आणि भातखाचरं. सुमात्रा बेटाला लांबीच्या दिशेने चिरत गेलेला १,९०० किलोमीटरचा भूकंपप्रवण भ्रंश इथून जातो, त्यामुळे दरी तयार झाली. तिच्या भिंती म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचे जुने थर. राख घट्ट बसलेली असली तरी शेवटी राखच, त्यामुळे कडे सरळ तुटतात आणि पावसात, भूकंपात आणखी ढासळतात. मार्च २००७ च्या भूकंपांत या कड्यांचे मोठाले तुकडे खाली आले होते.

दरीच्या पलीकडच्या काठावर कोतो गदांग. चालत जायचं तर शहराकडून दरीत उतरा आणि पलीकडे चढा. त्या चढावर २०१३ मध्ये पायऱ्यांची लांबच लांब वाट बांधली. दोन्ही बाजूंना कंगोऱ्यांची भिंत असल्यामुळे स्थानिक लोक तिला कौतुकाने चीनच्या भिंतीचं नाव देतात. गाडीने जायचं तर वळसा घालून रस्ता आहे. शहराच्या इतकं जवळ असूनही गाव प्रशासकीयदृष्ट्या शहराचं नाही, ते आगाम जिल्ह्यात मोडतं. पाठीमागे सिंगालांगचा उतार, मध्ये भातशेती, गल्ल्यांना डच वळणाची जुनी घरं आणि त्यातली बरीच कुलूपबंद. ती कुलपं लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याशी काम आहे.

बाहेरचे लोक इथे येतात ते चांदीसाठी. तारकाम हा इथला जुना धंदा. चांदीची कांब पोलादी पट्टीतल्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत केसाइतकी बारीक तार काढायची. दोन तारांना पीळ द्यायचा, तो दाबून चपटा करायचा आणि चिमट्याने पानाफुलाच्या चौकटीत वळवून बसवायचा. मग डाखाची पूड भुरभुरून ज्योत मारायची. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली की तार वितळून गोळा होतो आणि आधीचं सगळं काम मातीत. इतकं नाजूक काम करणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.

‘नागारी’ म्हणजे आपली ग्रामपंचायत का?

नाही. मिनांगकाबाऊ मुलखात गावाला नागारी म्हणतात. हा शब्द पुढे वारंवार येईल, म्हणून एकदा नीट समजून घेऊ. ग्रामपंचायत सरकारने काढलेल्या नकाशावर उभी असते. नागारी उभी असते कुळांवर. रूढीप्रमाणे किमान चार कुळं असल्याशिवाय नागारी होत नाही. तिची स्वतःची मशीद हवी, सभा भरवायची जागा हवी, वाटा हव्यात, सार्वजनिक न्हाणीघर हवं. प्रत्येक कुळाच्या शाखांचे प्रमुख असतात. त्यांना दातुक ही पदवी असते. हे दातुक एकत्र बसून गावच्या रूढीचे, म्हणजे मुख्यतः जमिनीचे, वारसाचे आणि लग्नाचे प्रश्न सोडवतात. शेजारी सरकारी बाजूही आहेच: निवडून आलेला गावप्रमुख, कार्यालय, शिक्के, अनुदान. एकाच गावात हे दोन कारभार सोबत चालतात आणि कोणाचं ऐकायचं यावरून कुरबुरीही चालतात.

कुळ आईकडून येतं. आई ज्या कुळाची, मुलं त्या कुळाची. एकाच कुळात लग्न होत नाही, त्यामुळे बाप नेहमीच परक्या कुळाचा असतो.

याचा परिणाम किती लांबवर जातो ते याच गावाशी जोडलेल्या दोन नावांवरून कळतं. इंडोनेशियाचे पहिले पंतप्रधान सुतान शाहरीर आणि तिथल्या पहिल्या महिला पत्रकारांपैकी एक, रोहाना कुदुस. वडील एकच, कोतो गदांगचे. आया वेगवेगळ्या. आपल्या हिशेबाने सख्ख्या बापाची भावंडं, एक आडनाव, एक घराणं. मिनांगकाबाऊ हिशेबाने दोघं दोन वेगळ्या घरांची, कारण घर आईचं. (जाता जाता: १९४७ मध्ये डचांच्या वेढ्यातून शाहरीरना विमानाने बाहेर काढून भारतात आणणारा वैमानिक म्हणजे आपले बिजू पटनाईक.)

जमीन कोणाची?

आता मुख्य गोष्ट. मिनांगकाबाऊंकडे मालमत्तेचे दोन प्रकार असतात. पिढ्यान्‌पिढ्या आईकडून चालत आलेली ती थोरली मालमत्ता: भातशेती, घराची जागा, राहतं मोठं घर. आणि नवराबायकोने स्वतः कमावलेली ती धाकटी.

थोरल्या जमिनीचा मालक कुणी एक माणूस नसतोच. एका आजी-पणजीपासून आईच्या बाजूने निघालेला जो गोतावळा, तो सगळा मिळून मालक. आपल्याकडची देवस्थान इनामाची जमीन आठवा. गुरव ती कसतो, पीक खातो, त्याच्यामागे त्याची पोरं कसतात, पण विकायची म्हटलं तर जमीन देवाची. इथे देवाच्या जागी खापरपणजी आहे, एवढाच फरक.

समजा एका आईला दोन मुली आणि एक मुलगा आहे. तिच्या वाट्याला दोन खाचरं वापरायला आलेली. तिच्यानंतर एक खाचर थोरलीकडे, एक धाकटीकडे. मालकी नाही, वापर. मुलाला काय? त्याला कसायला जमीन मिळू शकते, आईच्या घरात त्याचा शब्द चालतो, पण त्याच्या मुलांना त्यातलं काही जात नाही. ती मुलं त्याच्या बायकोच्या कुळाची आणि त्यांची शेती त्यांच्या आईकडून यायची. उलट त्याच्या बहिणींच्या मुलांची जबाबदारी त्याच्यावर. तो त्यांचा मामा. मिनांगकाबाऊ घरात वडिलांपेक्षा मामाचा शब्द जड असण्याची मुळं इथे आहेत.

विकायची नाही हे ठीक, पण अडीनडीला? गहाण ठेवता येते, तीही चार कारणांसाठीच. घरात प्रेत आहे आणि क्रियाकर्माला पैसा नाही. वयात आलेल्या मुलीचं लग्न अडलंय. कुळाचं मोठं घर गळतंय. किंवा दातुकाची गादी बरीच वर्षं रिकामी पडली आहे आणि नव्या दातुकाच्या समारंभाला खर्च हवा. यादी नीट वाचा: चारही कारणं सगळ्या गोतावळ्याच्या अब्रूची आहेत. मुलाला मोटरसायकल घ्यायचीय किंवा जावयाला दुकान टाकायचंय, हे त्यात कुठेच बसत नाही. शिवाय गहाणाला मुदत नसते. पैसे फेडले की जमीन परत, मग ते नातवाने का फेडेना. प्रत्यक्षात पाचवी-सहावी कारणं निघतात, निघणारच. पण ती काढणाऱ्याला नातेवाइकांसमोर उभं राहून सांगावी लागतात.

मग हे बायकांचं राज्य नाही तर काय?

जमीन बायकांच्या रांगेतून जाते, पण गावच्या सभेत बसतात पुरुष. दातुक पुरुषच होतो. पदवी मामाकडून भाच्याकडे जाते. जमिनीच्या कागदावर गोतावळ्याच्या वतीने सही करतो तोही घरातला वडीलधारा मामाच. मात्र घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी मान डोलावल्याशिवाय त्याने केलेला व्यवहार टिकत नाही. म्हणजे तिजोरी एकीकडे, किल्ली दुसऱ्याकडे आणि उघडताना दोघंही हजर. याला राज्य म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

माझ्या या मताला सगळ्यात भक्कम पुरावा कोतो गदांगनेच दिलाय. रोहाना कुदुस यांचा जन्म इथला, १८८४ सालचा. शाळेत कधी गेल्या नाहीत, वाचायला वडिलांकडून शिकल्या. ११ फेब्रुवारी १९११ रोजी त्यांनी गावात ‘केराजिनान आमाई सतिया’ ही बायकांसाठी हस्तकला आणि शिक्षणाची संस्था काढली. भरतकाम, विणकाम, लिहिणंवाचणं, हिशेब. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, पश्चिम सुमात्राची राजधानी पादांग इथून निघणाऱ्या ‘सुंतिंग मलायू’ या स्त्रियांच्या वृत्तपत्राच्या त्या संपादक झाल्या. आता विचार करा. जिथे बायकांचंच राज्य होतं म्हणतात, तिथे बायकांना अक्षर शिकवायला वेगळी संस्था काढावी का लागली? कारण शेत तिच्याकडून जात होतं, पण शाळेत जात होता तिचा भाऊ. घर तिचं आणि पंख त्याचे. त्यांच्या संस्थेची इमारत गावात आजही आहे, तिथे भरतकाम आणि चांदीकाम बघायला मिळतं. इंडोनेशियाने त्यांना ‘राष्ट्रीय वीर’ जाहीर केलं ते २०१९ मध्ये.

शिवाय जुन्या काळी इथल्या मुलींना गावाबाहेर लग्न करायला मज्जाव होता. कुळ आणि जमीन बायकांच्या हातून पुढे जात असेल, तर समाज बायकांवर पहारा ठेवतो. मालमत्तेने सत्ता येते हे खरं, पण पहाराही येतो.

पुरुष मग करतात काय?

निघून जातात. ही थट्टा नाही. तरुणाने घर सोडून परमुलखात जावं, कमवावं, शिकावं आणि मग नाव काढून परत यावं, ही मिनांगकाबाऊंची जुनी रीत आहे. कारण उघड आहे. आईच्या घरात वयात आलेल्या मुलाला खोली नसे, खोल्या बहिणींसाठी. मुलगे रात्री गावातल्या प्रार्थनागृहात झोपत, तिथेच कुराण आणि कुस्तीसारखी झुंज शिकत. लग्नानंतर बायकोच्या घरी राहायचं, तिथेही पाहुण्यासारखं. ज्याला दोन्ही घरांत हक्काची जागा नाही, त्याला वाट बोलावतेच. इंडोनेशियाच्या प्रत्येक शहरात दिसणारी पादांगी खाणावळ, जिथे मागवायच्या आधीच पंधरा-वीस बशा टेबलावर मांडतात आणि खाल्लं तेवढ्याचेच पैसे घेतात, ती या स्थलांतराचीच देणगी.

कोतो गदांगने यात वेगळा रस्ता धरला. इतर गावांची पोरं व्यापाराला गेली, इथली डचांच्या शाळांत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावाने वर्गणीतून शिक्षणनिधीच उभा केला. डॉक्टर, शिक्षक, सरकारी अधिकारी यांची रांग लागली. हाजी आगुस सालीम इथलेच. अनेक भाषा अस्खलित बोलणारे, पुढे स्वतंत्र इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री. एका लहानशा गावातून एवढी नावं निघाली याचं कौतुक इंडोनेशियात सतत होतं. पण हिशेब पूर्ण मांडायचा तर दुसरी बाजूही लिहावी लागते: शिकलेला माणूस परत येत नाही. व्यापारी सणाला येतो, दुकान टाकतो, घर बांधतो. जकार्तात नोकरी करणारा डॉक्टर आपल्या बायकामुलांनाही तिकडेच नेतो. म्हणून ती कुलपं.

मुसलमानांत हे कसं चालतं?

हा प्रश्न तिथल्या लोकांनीच दोनशे वर्षं एकमेकांना विचारलाय आणि त्यावरून रक्तही सांडलंय. इस्लामी वारसा कायद्यात बापाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी दोघांचे ठरलेले वाटे असतात, मुलाचा मुलीच्या दुप्पट. आईच्या रांगेने जाणारी सामाईक जमीन त्या चौकटीत बसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मक्केहून परतलेल्या कडव्या सुधारकांनी जुन्या रूढींविरुद्ध मोहीम उघडली. तिचं युद्ध झालं, डच त्यात घुसले आणि १८३७ मध्ये सुधारकांचा मुख्य किल्ला पडला तेव्हा खरा फायदा डचांचा झाला होता. त्यानंतर याच परिसरात जन्मलेले अहमद खातिब मक्केत थेट तिथल्या मुख्य मशिदीचे, मस्जिद अल-हरामचे, इमाम झाले. मामा-भाच्याच्या या वारसापद्धतीवर त्यांनी तिथून कडाडून टीका केली.

तरी पद्धत मोडली नाही. १९५२ मध्ये बुकित्तिंगीत रूढीचे जाणकार, धर्मपंडित आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली आणि तडजोड पक्की झाली. थोरली मालमत्ता रूढीप्रमाणे, आईच्या रांगेने. धाकटी, म्हणजे स्वकष्टाची, इस्लामी कायद्याप्रमाणे मुलाबाळांत. युक्तिवाद असा की थोरली जमीन मेलेल्या माणसाची नव्हतीच. तो फक्त वापरत होता, मग तिची वारसवाटणी होईलच कशी? देवस्थानचा गुरव गेला म्हणून देवाची जमीन त्याच्या पोरांत वाटली जात नाही, तसंच. आजही काही पंडितांना हे पटत नाही. पण कोर्टकचेऱ्या बहुतांशी याच रेषेवर चालतात.

शहर वाढतंय, मग गाव शहरात का घेत नाहीत?

कोल्हापूरच्या हद्दवाढीवरची भांडणं ज्यांनी वाचली आहेत त्यांना इथलं चित्र लगेच ओळखीचं वाटेल. १९९९ मध्ये जकार्ता सरकारने नियम काढून बुकित्तिंगीची हद्द वाढवली. आगाम जिल्ह्यातल्या आजूबाजूच्या अनेक नागारी शहरात घेण्याचं ठरलं. कागदावर झालं, जमिनीवर आजतागायत झालं नाही. गावांनी आणि जिल्ह्याने विरोध केला आणि तो विषय अधूनमधून पुन्हा पेटतो.

विरोधाचं एक कारण पैशाचं. इंडोनेशियात शहरातल्या वस्तीला प्रभागाचा दर्जा असतो. त्याचा प्रमुख नेमलेला सरकारी नोकर, तो लोकांनी निवडलेला नसतो. गावाला मात्र प्रमुख निवडता येतो, आणि २०१५ पासून केंद्राचा ग्रामनिधी थेट मिळतो. शहरात गेलं की दोन्ही गेलं.

दुसरं कारण आठवणीचं. १९७९ च्या कायद्याने साऱ्या देशातली गावं जावा बेटाच्या साच्यात बसवायची ठरली. पश्चिम सुमात्रातल्या पाचशेहून अधिक नागारी तुकडे करून तीन हजारांवर छोट्या गावांत विभागल्या गेल्या. त्यात लालूचही होती: अनुदान दर गावाला सारखं, म्हणजे जितकी गावं जास्त तितका पैसा जास्त. पण कुळ एका गावात, त्याची शेती दुसऱ्यात, दातुक तिसऱ्यात, असा घोळ झाला. हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची सत्ता गेल्यावर २००० मध्ये प्रांताने कायदा करून नागारी परत आणल्या. ज्यांनी एकदा आपलं गाव मोडलेलं पाहिलं, ते दुसऱ्यांदा कागदावर सही करताना हात आखडता घेणारच.

आणि उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बुकित्तिंगी शहर स्वतःच एका नागारीच्या जमिनीवर उभं आहे. तिचं नाव कुराई. तिथले दातुक आजही आहेत, लग्नकार्यात त्यांना मान आहे, जमिनीच्या वादात त्यांना विचारतात. पण बाजार कुठे हलवायचा, रस्ता किती रुंद करायचा, हे ठरवतं नगर प्रशासन. दरीपलीकडून हे सगळं दिसतं.

पण सोयी नकोत का? आणि जमीन अडकून पडते त्याचं काय?

हा आक्षेप रास्त आहे, आणि गावाकडची बाजू घेणाऱ्यांनी तो टाळू नये. सामाईक जमिनीवर बँक सहजासहजी कर्ज देत नाही. फेडलं नाही तर ती जप्त करून विकणार कोणाला? जमिनीचा दाखला काढायचा तर वंशावळ लागते. म्हणजे एका पूर्वज बाईपासून खाली आलेल्या सगळ्या लेकी, त्यांच्या लेकी, असा झाडासारखा तक्ता. त्यावर वडीलधाऱ्या मामाची सही, इतर सदस्यांच्या संमतीच्या सह्या, दातुकांच्या मंडळाचा शेरा आणि गावप्रमुखाचा शिक्का. सह्या करणाऱ्यांतली एक मेदानला, दुसरी जकार्ताला, तिसरी मलेशियात आणि चौथीशी दहा वर्षं बोलणं नाही. आपल्याकडे सातबारावर वीस नावं असली की काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला हे समजावायला नको.

अशा तक्त्यांवरून पश्चिम सुमात्रातल्या कोर्टांत खटले भरपूर चालतात. एखाद्या मामाने भाच्यांना न विचारता सही ठोकली, नंतर ते कळलं आणि व्यवहार रद्द करायला सगळा गोतावळा उभा राहिला, हा त्यांतला नेहमीचा नमुना. सरकारने गेल्या काही वर्षांत देशभर दाखले वाटायची मोहीम चालवली आहे. दाखला एका माणसाच्या नावे निघाला की सामाईकपण कागदावरून पुसलं जातं, अशी तिथल्या जाणत्यांची भीती आहे. गोतावळ्याच्या नावाने दाखला काढायची सोयही आहे, पण तिला वेळ आणि सह्या लागतात.

तरीही याच अडचणीमुळे दरीपलीकडे अजून भातशेती आहे. शहराला चिकटलेली, भाव आलेली जमीन जिथे एका सहीने विकता येते तिथे ती विकली जाते, याला जगात फारसे अपवाद नाहीत. इथे बिल्डरला आधी खापरपणजीची परवानगी लागते. कोतो गदांग हिरवं राहिलं त्याचं श्रेय दरीच्या खोलीला जेवढं, तेवढंच या किचकट कागदाला. माझ्या मते कागदालाच थोडं जास्त, कारण दरी ओलांडायला वळणाचा रस्ता केव्हाच झालाय.

हे टिकेल?

डच अधिकाऱ्यांच्या काळापासून ही पद्धत आता संपणार म्हणून भाकितं होत आली आहेत. केरळात अशीच आईकडून चालणारी नायरांची पद्धत होती, ती १९७५ च्या कायद्याने औपचारिकरीत्या संपली. सुमात्रात सरकारने असा घाव घातला नाही. बदल आतून झाला. बाप आता पाहुणा राहिलेला नाही, तो बायकामुलांसोबत वेगळ्या घरात राहतो, शाळेची फी तोच भरतो आणि कमावलेलं मुलांना देतो. मामाचा दरारा लग्नाच्या बैठकीपुरता आणि जमिनीच्या सहीपुरता उरलाय. थोरली मालमत्ता मात्र अजून लेकींच्याच रांगेत आहे.

अडचण येते ती लेकच नसली की. ज्या शाखेत मुलगी जन्मत नाही ती रूढीप्रमाणे ‘संपली’ असं धरतात आणि तिची जमीन त्याच कुळातल्या जवळच्या शाखेकडे जाते. पूर्वी ती शाखा पलीकडच्या गल्लीत असायची. आता तिच्या बायका जकार्तात वाढलेल्या असतात. ज्या खाचरांचा हक्क त्यांच्याकडे आलाय ती त्यांनी लहानपणी सुट्टीत एकदा-दोनदा पाहिलेली असतात. कसणारा कुणी वाटेकरी असतो, पीक अर्धं अर्धं. घराची किल्ली शेजारणीकडे असते, आणि तक्त्यावर सही करायला गावात राहिलेला एकुलता म्हातारा मामा.